पाठीतली आग आणि आमच्या घरातलं 'नाही'

आधीच सांगतो, मी हे गोड शब्दांत लिहिणार नाही. आजारपण माणसाला नम्र करतं, शहाणं करतं, असं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं. झोपून असताना दुसरं काय करणार? मी काही नम्र झालो नाही. या आजारात मला जी माणसं भेटली त्यातल्या निम्म्यांचा मला आजही तिटकारा आहे, आणि त्या यादीत माझं स्वतःचं नाव बरंच वर आहे. तरी लिहितो. या जिल्ह्यात कुठंतरी कुणीतरी रोज सकाळी पलंगाच्या कडेवर कंबर धरून बसत असेल आणि घरचे त्याला आळशी म्हणत असतील. त्यानं हे वाचावं.

मी नरहरी, भूकरमापक आहे. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देतो. वय सदतीस. घर परभणीत. घरात बायको उज्ज्वला, सात वर्षांची सई आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा शिक्षक होते, निवृत्त झाले, पण गल्ली अजूनही त्यांना गुरुजीच म्हणते. आई चार वर्षांपूर्वी गेली. धाकटी बहीण वंदना राणीसावरगावला दिलेली आहे. एवढीच माणसं. गोंधळ घालायला पुरेशी.

सहा वर्षांची डिस्क

तिशीत सुरू झालं. पहाटे जाग यायची ती कंबर लाकडासारखी झालेली. कूस बदलायची तर आधी हातानं पलंगाची पट्टी धरायची, मग गुडघे, मग उरलेला मी. बुटाची नाडी बांधायला आठ वाजायचे. पण एकदा मोजणीला निघालो, बांधावरून दोन-तीन तास चाललो की अकरापर्यंत मी चांगला असायचो. आणि रविवारी, दिवसभर घरी पडून राहिलो की संध्याकाळपर्यंत पुन्हा लाकूड.

"आठवडाभर शेताशेतानं पळताव," उज्ज्वला म्हणायची, "अन् रविवारी निस्तं सिलिंडर सरकवा म्हनलं की तुमची कंबर!"

तिला दोष देत नाही. बाहेरून ते तसंच दिसत होतं. मलाही कधी कधी वाटायचं की आपण ढोंग करतोय.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, अर्धा मिनिट बघितला आणि सांगितलं, डिस्क. पट्टा बांधा, आराम करा. आरामानं दुखणं वाढलं. तसं सांगितल्यावर त्यांनी आराम वाढवून दिला. दुसऱ्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं. तिसरे म्हणाले, वजन कमी करा. माझं वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो होतं. पुढं प्रत्येक डॉक्टर आधीच्याचा कागद बघायचा आणि त्यावरचाच शब्द आपल्या कागदावर उतरवायचा. मोजणीत मी असं केलं असतं, जुन्याच नकाशावरून नवा नकाशा शिवारात पाय न ठेवता काढला असता, तर शेतकऱ्यांनी मला बांधावरच धरलं असतं.

बाकीच्यांचं काय सांगावं. ऑफिसातल्या एकानं उशी आणून दिली, एकानं योगासनांचे चाळीस व्हिडिओ पाठवले. पेडगावच्या शिवारात मोजणी होती तेव्हा एका आजोबांनी माझी चाल बघितली आणि म्हणाले, "सायेब, ही लचक हाय. आमची सून पायाळू हाय, तिची लाथ खा, जागेवर येईल." जी बाई जन्मताना पायाकडून आली तिची लाथ कमरेला लागली की लचक जाते म्हणे. मी विज्ञानाचा पदवीधर. मी गोठ्याच्या भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि त्या बिचाऱ्या, लाजून लाल झालेल्या सुनेच्या तीन लाथा खाल्ल्या. चौथी मीच नको म्हणालो.

लाथेनं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुडीनं. तालुक्याच्या एका गावात एक जुना कंपाउंडर पुड्या द्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिसऱ्या दिवशी मी सरळ उभा राहिलो. आठ महिने रोज घेतल्या, पुढं त्यांनीही दुखणं थांबेना तरी. तोंड सुजलं, गाल वर आले, तर लोक म्हणाले तब्येत सुधारली. आत काय होतं ते मी कधी विचारलं नाही. खरं तर मला अंदाज होता, म्हणूनच विचारलं नाही. स्टिरॉइडच होतं.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई

एका सकाळी उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. वाटलं, शेतातलं कुसळ गेलं असेल. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई. त्यांनी मशीनला माझी हनुवटी टेकवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डोळ्याच्या आत सूज आहे. सकाळी उठल्यावर कंबर धरते का तुमची?"

मला हसू आलं. म्हटलं, बाई, मी डोळा दाखवायला आलोय.

"ते कळलं मला. किती वेळ धरते?"

"दोन तास."

"चालल्यावर बरं वाटतं की बसून?"

सहा वर्षांत, नऊ डॉक्टर, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नऊही जणांनी कमरेला हात लावला होता. कंबर काय म्हणते ते विचारलं एका डोळेवालीनं.

"चालल्यावर," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्याचे थेंब दिले आणि चिठ्ठीवर संभाजीनगरच्या एका संधिवाताच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. "हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ नका आता," म्हणाल्या. "या आठवड्यातच जा."

निरोप

संभाजीनगरचे डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. रक्त तपासलं, कमरेच्या सांध्यांचा एमआरआय केला. तिसऱ्या दिवशी अण्णांना आणि मला समोर बसवून त्यांनी नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. सवयच ती.

"डिस्क?" मी विचारलं.

"डिस्कला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त त्या पट्ट्याचा राग आला. सहा वर्षं मी तो शर्टाखाली बांधून फिरलो होतो.

मग त्यांनी समजावलं, ते मला जसं समजलं तसं सांगतो. आपल्या रक्तात ज्या रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्या एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे रसायनच. जंतू दिसला की निरोप सुटतो, त्या जागी रक्त धावतं, आणखी पेशी येतात, जागा लाल होते, तापते, सुजते. काटा रुतल्यावर बोट सुजतं ते यामुळेच, आणि ते चांगलं असतं. काम झालं की निरोप थांबतो. माझ्यात तो थांबत नव्हता. जंतू नाही, काटा नाही, आणि माझ्या पेशी मणक्याच्या सांध्यांना आग लावत बसल्या होत्या. डोळ्यातही तेच. असंच चालू राहिलं तर पुढं मणके एकमेकांना जोडले जातात, माणूस वाकतो तो वाकतोच.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शूर सैनिक. चित्र होतं पुस्तकात, हातात भाला दिलेलं. अण्णांनी वर्षानुवर्षं तेच चित्र फळ्यावर काढलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते वहीत बघत होते.

"साध्या गोळ्यांनी तीन महिने बघू," डॉक्टर म्हणाले. "नाही जमलं तर इंजेक्शन आहे. ते यातला एक निरोप वाटेतच धरतं. टीएनएफ नावाचा."

तीन महिन्यांत नाही जमलं.

प्रश्न

इंजेक्शनाच्या आधी टीबीची तपासणी करतात. छातीचा फोटो, रक्ताची चाचणी. दोन्ही स्वच्छ आले. मी लगेच बाही वर करायला तयार होतो. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"चाचणी सगळं सांगत नाही," ते म्हणाले. "म्हणून तोंडानं विचारतो. घरात कधी कुणाला टीबी झाला होता? आई, वडील, काका, आजी?"

अण्णा ताठ बसले. "नाही. आमच्याकडं असलं काही नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही आठवतं?"

मला आठवत होतं. मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांना दमा झालाय असं सांगितलं होतं. ते सहा महिने मागच्या खोलीत झोपायचे. त्यांचं ताट, पेला, सगळं वेगळं, आणि आई ते चुलीवर उकळायची. एके दिवशी मी मोरीत नारिंगी-लाल पाणी बघितलं आणि ओरडत बाहेर आलो की अण्णांच्या लघवीत रक्त आहे. आईनं मला फाडकन थोबाडीत मारली. तिनं आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. म्हणाली, "गप. कुनाला सांगायचं न्हाई." पुढं दहावीत टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे वाचलं, तेव्हा मला सगळं कळलं होतं.

"नाही," मी डॉक्टरांना म्हणालो.

अण्णांचं कारण मला कळतं. शिक्षकाला टीबी आहे म्हटल्यावर लोकांनी लेकरं शाळेतून काढली असती. मग वंदनाचं लग्न आलं. मग सवय झाली. माझं कारण याहून हलकं होतं. मला भीती वाटली की हो म्हटलं तर इंजेक्शन लांबेल. आणखी चाचण्या, आणखी तीन महिने गोळ्या, आणखी तीन महिने लाकूड. पुड्यांबद्दल त्यांनी विचारलं तेव्हाही मी "कधीमधी" म्हणालो. रोज घेतलेल्या स्टिरॉइडमुळे ती चाचणी खोटी स्वच्छ येऊ शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आपण खोटं बोलतोय हे तर माहीत होतं.

परतीच्या गाडीत अण्णा आणि मी मनमोकळं बोललो. पीकपाण्यावर.

पाच चांगले महिने

इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी. फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. संभाजीनगरहून बर्फाच्या डब्यात घालून आणायचो, डबा मांडीवर घेऊन. मांडीत टोचायला उज्ज्वला शिकली. पहिल्या वेळी म्हणाली, "हलू नका, मलाच कापरं भरायलंय." दुसऱ्या वेळेपासून तिनं असं टोचलं की नर्सनं लाजावं.

तेराव्या दिवशी मी सकाळी उठलो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तोंड पुसताना लक्षात आलं की मी उठलो. म्हणजे निस्ता उठलो, पट्टी न धरता. उज्ज्वला चहा ठेवत होती. मी वाकून सिलिंडर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं आणि पुन्हा परत आणून ठेवलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "इतकं दुखत हुतं व्हय तुमाला," एवढंच म्हणाली. सहा वर्षांनी तिला माझं दुखणं पटलं, तेही गेल्यावर.

ज्यांनी ते औषध शोधलं त्यांच्याबद्दल माझं तोंड वाकडं होत नाही. लिहून ठेवतो, कारण बाकी कुणाबद्दल मी फारसं चांगलं लिहीत नाहीये.

ताप

पाचव्या महिन्याच्या शेवटी संध्याकाळी अंग गरम लागायला लागलं. मी म्हटलं उन्हाची मोजणी आहे. मग खोकला. म्हटलं धूळ. दिवाळीत वंदना दोन लेकरं घेऊन वीस दिवस राहिली, मी त्या लेकरांना मांडीवर घेऊन खोकत फटाके दाखवले. इंजेक्शनासोबत एक कागद येतो, घडी घालून घालून मुंगीच्या अक्षरांत छापलेला. त्यात लिहिलेलं असतं, ताप-खोकला आला तर थांबा, डॉक्टरांना कळवा. तो कागद मी वाचला होता. वाचून पुन्हा घडी घातली. आणखी दोन इंजेक्शनं घेतली.

मग एक दिवस श्वास अर्ध्यात अडायला लागला. दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत उजवी बाजू खालून पांढरी. पलंगावर उलटं बसवून, पुढं उशी देऊन, पाठीतून सुई घातली आणि बाटलीभर पिवळं पाणी काढलं. दोन दिवसांनी बेडक्याचा आणि पाण्याचा अहवाल आला. टीबी. फुप्फुसात, आणि त्या पाण्यातही.

वॉर्डातले अकरा दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, आठला डॉक्टरांची फेरी, त्यात माझ्या वाट्याला पाऊण मिनिट. भेटायला येणारे दारात उभे राहून, नाकाला रुमाल लावून, "काय नाय होत, होईल बरं" म्हणून फळं खाली ठेवून जायचे. एका मेहुण्यानं तर पिशवी पायानं आत सरकवली. चांगलं एकच आठवतं. रात्रपाळीची एक मावशी होती, मास्क लावून यायची, पण माझी चादर मात्र स्वतःच्या हातानं नीट खोचून द्यायची. बाकी सगळे ती टोकाला धरायचे.

संभाजीनगरच्या डॉक्टरांना मी फोन केला. इंजेक्शन बंद, ते म्हणाले.

"वडिलांना होता," मी म्हणालो. "पुड्याही रोज घ्यायचो."

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधीच विचारून घेतलं असतं तर या वॉर्डात नसतो. टीबीचा जंतू लहानपणी आत गेला तर शरीर त्याला मारत नाही, पेशींचं कोंडाळं करून आत कोंडून ठेवतं. वर्षानुवर्षं. ते कोंडाळं जागं ठेवायचं काम तोच निरोप करतो, टीएनएफ. मणक्याला आग लावणारा निरोप आणि टीबीला कोंडून ठेवणारा निरोप एकच. इंजेक्शनानं तो अडवला. माझी पाठ सुटली, आणि जंतूही सुटला. ही औषधं वापरात आल्यावर हे ध्यानात आलं, म्हणूनच आता आधी तपासतात आणि तोंडानं विचारतात. शंका असली तर आधी काही महिने टीबीच्या गोळ्या देतात आणि मग इंजेक्शन चालू राहतं. म्हणजे मी जे तीन महिने वाचवले, ते हे होते.

"वडिलांकडूनच आला हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे तो कुठूनही येतो. पण मला कळलं असतं तर मी थांबलो असतो."

उज्ज्वला

घरी आल्यावर चार दिवसांनी सरकारी दवाखान्यातून आरोग्यसेवक आले. फटफटी थेट दारात. अण्णा बाहेर जाऊन त्यांना म्हणाले, गाडी जरा पुढं लावा. आरोग्यसेवकांनी गाडी तिथंच ठेवली आणि आत येऊन वही उघडली. घरात कोण कोण, किती वर्षांचे, खोकला कुणाला, आणि मग, "आधी कुणाला टीबी झाला होता का?"

उज्ज्वला सईला मांडीवर घेऊन बसली होती. अण्णा खिडकीकडे बघत होते. मी खाली. तिनं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि तिला कळलं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमाला झालता?"

अण्णांनी हो म्हणून मान हलवली.

"अन् तुमाला ठाऊक हुतं?" हे मला.

"हो."

ती आरोग्यसेवकांना म्हणाली, "लिहा. सासऱ्यांना हुता. पूर्वी. या दोघांनी लपवून ठेवला. ते बी लिहा."

"ते लिहायला रकाना नाही ताई," आरोग्यसेवक म्हणाले.

सईची तपासणी झाली. आजार नव्हता, पण तिला आधीच काळजी म्हणून गोळ्या सुरू केल्या. ते सात वर्षांचं लेकरू रोज सकाळी गोळी गिळतं आणि आमच्याकडे बघतं. उज्ज्वला महिनाभर अण्णांशी बोलली नाही. ताट वाढायची, वेळेवर, गरम, दोन भाज्या. फक्त बोलायची नाही. अण्णांनी एकदा जेवताना म्हटलं, "उज्ज्वला, मी शाळेसाठी..." ती उठून गेली. माझ्याशी बोलायची, पण तहसीलदाराशी बोलावं तसं.

हे लिहितोय तेव्हा माझ्या टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना आहे. ताप गेला, वजन परत आलं. पाठ पुन्हा लाकूड झाली आहे. आणखी काही महिने काढायचे आहेत, मग डॉक्टर दुसरं औषध देणार आहेत. ते वेगळा निरोप धरतं. टीबीच्या कोंडाळ्याला त्याची तितकी गरज नसते, असं ते म्हणतात. सगळेच निरोप बंद करून माणूस जगत नाही, त्यामुळे औषधवाल्यांना असा एक एक निवडून, कुठला अडवला तर काय सुटतं ते बघत जावं लागतं. मला हे पटतं. तोवर मी हे कपाटाच्या फळीवर वही ठेवून उभ्यानं लिहितो, कारण बसलं की उठता येत नाही.

कुणी पेशंट हे वाचत असेल तर त्याला सांगायचं ते एवढंच. डॉक्टरनं विचारलं तर सांगा. घरचे शेजारी बसले असतील आणि त्यांच्यासमोर तोंड उघडत नसेल तर त्यांना चहा प्यायला बाहेर पाठवा आणि मग सांगा. चाचणी स्वच्छ आली म्हणून खुश होऊ नका. पुडी खात असाल तर पुडी म्हणा.

राणीसावरगाव

एक गोष्ट राहिली. वंदनाची लेकरं दिवाळीत माझ्या खोकल्यात राहिली होती, म्हणून त्यांचीही तपासणी व्हायला हवी होती. मी म्हटलं फोन करतो. अण्णा म्हणाले, नको, मी स्वतः जातो. व्याह्यांना मी लग्नात सांगितलं नव्हतं, तोंडानंच सांगितलं पाहिजे. मग दोन आठवडे नुसतं जातो जातो चाललं. शेवटी उज्ज्वलानं एका सकाळी त्यांची पिशवी भरून दारात ठेवली. डॉक्टरांनी मला आता लोकांत मिसळायला हरकत नाही म्हटलं होतं, तर मीही निघालो. गंगाखेडला गाडी बदलली. अण्णा वाटभर ओठ हलवत होते. भाषण पाठ करत होते.

वंदनाचे सासरे बाबाराव ओसरीवर बसले होते. नमस्कार झाले, चहा आला. दाजी म्हणजे वंदनाचे यजमान कामानं बाहेर गेले होते. वंदना आत लेकरांना वाढत होती. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाबाराव, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. लग्नाच्या आधी. मला टीबी झाला होता. बरा झाला, पण झाला होता. आता नरहरीला झालाय. लेकरं त्याच्याजवळ होती. मी तुमचा गुन्हेगार आहे."

बाबारावांनी बशी खाली ठेवली. घरात बघितलं, मग अंगणात. मला वाटलं आता शिव्या येतील. मी त्यांच्या जागी असतो तर दिल्या असत्या.

"गुर्जी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी आता तोंडातून काडलंच हाय तर आमी बी सांगतो. तुमच्या जावयाला झालता. लग्नाच्या दोन साल आदी. नांदेडला औषिद केलं, हितं कुनाला कळू दिलं न्हाई. सोयरीक मोडंल म्हून."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग दोघंही म्हातारे, काय सांगू, जरा सैलावले. बाबारावांच्या तोंडावर तर हसू यायला लागलं होतं. "मंजे फिटंफाट झाली म्हना की," ते म्हणाले. मला त्या क्षणी दोघांचीही इतकी किळस आली की मी चहाचा कप तसाच ठेवला. आणि मग लक्षात आलं की मीही मनात सुटल्यासारखा झालो होतो.

दारात वंदना उभी होती. हाताला वरणभात लागलेला. कधीची उभी होती कोण जाणे.

"इकडून बी न्हाई अन् तिकडून बी न्हाई," ती म्हणाली. "धा वर्सं झाली मला हितं येऊन. धा वर्सं मी त्याईच्या ताटात जेवले. दोन लेकरं झाली."

"बेटा, तो पूर्ण बरा हुता तवा..." बाबाराव म्हणाले.

"ते मला इचारून ठरवलं का?" तिनं माझ्याकडे बघितलं. "दादा, अण्णांचं तुला ठाऊक हुतं?"

मागं दोनदा लोकांनी मला हे विचारलं होतं. एकदा मी नाही म्हणालो होतो, आणि एकदा पकडला गेल्यावर हो. आता उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही, एवढंच काय ते मी या आजारात कमावलं असेल.

"हो. नऊ वर्षांचा असल्यापासून."

तिनं मान हलवली. रडली नाही. मोरीवर जाऊन हात धुतला, लेकरांची तोंडं पुसली आणि त्यांना चपला घालायला लावल्या.

"दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?" तिनं मला विचारलं.

"चारपर्यंत."

"चल मग."

अण्णा टोपी घालत उठायला लागले. बाबारावही पायात वहाणा शोधू लागले.

"तुमी बसा," वंदना दोघांना म्हणाली. "तुमी दोघं हितंच बसा." आणि लेकरांचे हात धरून ती ओसरी उतरली.